नागपुरात वस्तीत काम सुरू करायचंय? आधी एक वस्ती धरा

दर पंधरा-वीस दिवसांनी कॉलेजचं कुणीतरी मला विचारतंच, ताई मला गरीब लोकांसाठी काहीतरी करायचंय पण सुरुवात कुठून करू ते समजत नाही. फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगून ते नीट होत नाही, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. अठरा ते पंचवीस वयाच्या पोरापोरींसाठी आहे हे, आणि ज्यांच्या ओळखीत, नात्यात कुणीच या कामात नाही त्यांच्यासाठी तर जास्तच.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. डिसेंबरची थंडी, आम्ही आठ-दहा जणांनी वर्गणी काढली, ब्लँकेटं घेतली आणि रात्री कॉटन मार्केटच्या बाजूला फुटपाथवर झोपणाऱ्यांना वाटली, फोटोही काढले. एका आजीनं ब्लँकेट घेतलं, बाजूला ठेवलं आणि माझा हात धरून मला खाली बसवलं. म्हणाली, "माय, पांघरूण तं परवाही दोन जन देऊन गेले. माह्यं कंट्रोलचं कार्ड बंद पडलं, थे कुठं सुरू होते तेवढं सांग मले." मला माहीत नव्हतं, आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी विचारत फिरले, राशन ऑफिसच्या सात चकरा झाल्या, साडेतीन महिने लागले, आणि मग ते कार्ड सुरू झालं. मी या कामात आले ती त्या सात चकरांमुळे, ब्लँकेटांमुळे नाही.

म्हणून माझं सांगणं असं आहे की एकच वस्ती धरा, दर आठवड्याला त्याच दिवशी त्याच वेळेला जा, आणि निदान एका सरकारी कागदाचं काम मुळापासून शिका. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

वस्ती कोणती निवडायची

घरापासून वीस मिनिटांच्या आतली. लांबची निवडली की परीक्षा आली, पाऊस आला, मे महिन्याचं ऊन आलं की जाणं सुटतं आणि एकदा सुटलं की सुटलंच. नागपुरात लांब जायची गरजही नाही, जवळपास प्रत्येक चांगल्या कॉलनीच्या मागे एक वस्ती आहेच, रविनगर-धरमपेठेच्या बाजूला पांढराबोडी आहे तशी. तुमच्या घरी काम करायला येणाऱ्या मावशींना विचारा त्या कुठे राहतात, आणि त्यांनाच विचारा की मावशी मी तुमच्यासोबत येऊ का एकदा. ओळखीच्या माणसाबरोबर वस्तीत पाय ठेवणं आणि एकट्यानं जाऊन उभं राहणं यात फार फरक पडतो.

पहिले दोन महिने काहीही करू नका. खरंच काही करू नका, फक्त जा, बसा, ऐका, आणि एक वही ठेवा. वहीत लिहायचं ते असं, नळ आहे की टँकर येतो आणि किती वाजता येतो, अंगणवाडी कुठे आहे, कंट्रोलचं दुकान कोणतं आणि महिन्यातले किती दिवस उघडं असतं, मनपाचा दवाखाना किती दूर, पोट्टे कोणत्या शाळेत जातात, बायका कोणत्या कामाला जातात, माणसं कोणत्या चौकात ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचं काम मिळायच्या जागी, उभी राहतात आणि पावसाळ्यात काम नसलं तर काय करतात.

आणि एक प्रश्न ज्याच्याकडे नवीन मुलं लक्षच देत नाहीत, वस्ती कोणाच्या जमिनीवर आहे? नझूल म्हणजे सरकारी, मनपा, नासुप्र म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, रेल्वे की खाजगी? एकाच वस्तीत रस्त्याच्या अलीकडे नझूल आणि पलीकडे खाजगी जमीन असंही असतं, आणि मग अलीकडच्यांना मालकी पट्टा मिळायची आशा असते आणि पलीकडचे वीस-तीस वर्षं राहूनही लटकलेले असतात. घर पक्कं का बांधत नाहीत, कर्ज का मिळत नाही, पोरीच्या लग्नाला सावकाराकडून पैसे का घेतात, यातल्या बऱ्याच गोष्टींचं उत्तर जमिनीत असतं. हे समजल्याशिवाय "लोक आळशी आहेत" असं कुणी म्हटलं तर तुमच्याकडे द्यायला उत्तर नसेल.

भेटायचं कोणाला तर अंगणवाडी सेविका, आशा ताई, बचत गटाच्या अध्यक्ष, बुद्ध विहाराची किंवा मंदिराची कमिटी, आणि कोपऱ्यावरचा पानठेलेवाला, त्याला सगळं माहीत असतं. नगरसेवकाकडे पहिल्याच आठवड्यात जाऊ नका, वस्तीवाल्यांना वाटतं कोणत्या तरी पार्टीची माणसं आली. तुम्हाला विचारतीलच, "तू कोन व्हय? काहून येऊन राह्यली?" त्याचं उत्तर साधं ठेवा, मी अमुक कॉलेजला आहे, अमुक ठिकाणी राहते, इथलं शिकायला येते. मदत करायला आले असं म्हणू नका, कारण अजून तुम्हाला काही येत नाही, आणि ते त्यांना दिसतं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्या शहरात वस्तीतल्या लोकांनी कुणी येऊन उद्धार करायची वाट पाहिलेली नाही. जाईबाई चौधरींनी अस्पृश्य म्हणून अपमान सोसला, हमाली केली आणि याच नागपुरात चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. १९४२ च्या जुलैत बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित महिलांची परिषद इथेच भरली. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि त्यांचं पाणी, जेवण, औषधपाणी बघायला वस्त्या-वस्त्यांतले लोक स्वतः उभे राहतात. कुठे सुरुवात करावी सुचत नसेल तर त्या दिवसांत एखाद्या स्टॉलवर जाऊन पाणी वाटा आणि नंतर झाडायला थांबा. सेवा कशी उभी राहते ते तिथे बघायला मिळतं.

संस्थेसोबत की एकट्यानं

सुरुवातीला संस्थेसोबत. एकट्यानं गेलात तर चुका तुमच्या आणि भोगणार वस्ती. पण संस्था बघून घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नाव आहे का, ऑडिट झालेला हिशेब दाखवतात का. हे कागदाचं झालं. त्याहून मोठी टेस्ट म्हणजे त्यांच्या कामाच्या वस्तीत त्यांच्याशिवाय जा आणि लोकांना विचारा की हे लोक किती वर्षांपासून येतात. मी एका संस्थेत चार महिने जात होते जिथे दर कार्यक्रमाला त्याच पंचवीस पोरांना आणून बसवायचे, पाहुणे बदलायचे, पोरं तीच. मला हे समजायला चार महिने लागले याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या पोरांचे चार महिने गेले.

कॉलेजात असाल तर एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, घ्या. दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. पुष्कळ जण सर्टिफिकेटपुरतं करतात पण प्रोग्राम ऑफिसर चांगले असतील तर त्या २४० तासांत एक वस्ती नीट समजून घेता येते, त्यांना स्वतःहून सांगा की सर मला एकाच ठिकाणी जायचंय.

एक कागद मुळापासून शिका

या भागावर मी जास्त लिहिणार आहे कारण कामाचा खरा गाभा इथेच आहे.

राशन कार्डापासून सुरू करा. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घराला, माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या, कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. शहरात प्राधान्य यादीत यायला वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं. हिशेब करा, महिन्याला पाच हजारही नाही. घरातला एक माणूस ठिय्यावर बऱ्यापैकी काम मिळवत असेल तर कागदावर ते घर बाहेर जातं, आणि त्या घरात पोटभर जेवण असेलच असं नाही. माझ्या मते ही मर्यादा कधीच वाढायला पाहिजे होती.

अडचणी कुठे येतात बघा. सून आली तिचं नाव माहेरच्या कार्डातून कमीच केलेलं नाही म्हणून सासरी चढत नाही. लेकराचं आधार कार्ड नाही म्हणून त्याचं ५ किलो नाही. धुणीभांडी करून, विटा उचलून बोटांची रेघ गेलेली असते म्हणून मशीनवर अंगठा उमटत नाही, आणि आजी हात हलवत परत येते, तिला कुणी सांगितलेलंच नसतं की कार्डातल्या दुसऱ्या मेंबरचा अंगठा चालतो. केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली म्हणून नाव थांबलेलं असतं. आणि बालाघाट, छिंदवाड्याकडून बांधकामावर, वीटभट्टीवर आलेली कुटुंबं तर समजतात की आपलं कार्ड तिकडचं, इथे काही मिळणार नाही, जेव्हा की एक देश एक राशन कार्ड योजनेत मध्यप्रदेशच्या कार्डावर नागपूरच्या दुकानातून त्यांना त्यांचं धान्य उचलता येतं. एवढी एक माहिती एका बांधकामाच्या साइटवर सांगितली तर त्या घरांचा महिन्याचा किराण्याचा खर्च बराच कमी होतो. तक्रारीचा नंबर १९६७ आहे, पाठ करून ठेवा.

राशन जमलं की दुसरा कागद, संजय गांधी निराधार योजना. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, गंभीर आजारी, यांना महिन्याला मदत मिळते, विधवेसाठी ती दीड हजार आहे, वय ६५ च्या पुढे असेल तर म्हाताऱ्यांसाठीची श्रावणबाळ योजना. उत्पन्नाची अट साधारण २१ हजार वर्षाला, म्हणजे महिन्याला १,७५०. दोन घरची भांडी घासणारी बाई यात बसत नाही. इथे तुम्हाला पहिल्यांदा जड जाईल, कारण बाई म्हणेल, "बाप्पा, तूच काहीतरी लिहून दे न." तुम्ही स्वतःच्या हातानं खोटा आकडा लिहू नका. ती जे सांगते ते लिहा, चौकशी पटवारी करतो, दाखला तहसीलदार देतो, त्यांचं काम त्यांना करू द्या. तुम्ही एकदा खोटं लिहिलं की पुढच्या शंभर अर्जांवर तुमचा शब्द चालत नाही.

निराधारच्या अर्जात सगळ्यात जास्त अडतं ते नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर. शहरात वारला आणि नोंद आहे तर मनपाच्या झोन ऑफिसात मिळतो, गावात वारला तर ग्रामपंचायतीत, आणि वर्षाच्या आत नोंदच झाली नसेल तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो, तिथे लोक थकून सोडून देतात. त्या ठिकाणी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे वस्तीत फार कमी जणांना माहीत असतं.

हे आकडे, अटी सरकार बदलत असतं, म्हणून अर्ज भरायच्या आठवड्यात सेतू केंद्रात, म्हणजे सरकारी दाखल्यांचे अर्ज जिथे घेतात तिथे, एकदा विचारून घ्यायचंच.

ऑफिसच्या कामाच्या काही सवयी आत्तापासून लावून घ्या. मूळ कागद कधीच कुणाचा आपल्या घरी आणायचा नाही, झेरॉक्स घ्यायची आणि मूळ तिथेच त्यांच्या हातात. अर्जाच्या दोन प्रती, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही, म्हणजे पोच घ्यायची, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये दाखल्यांना मुदत ठरलेली आहे, मुदत टळली तर अपील करता येतं. तरी हललं नाही तर माहिती अधिकार, १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्याला फीही नाही, ३० दिवसांत उत्तर. आणि खिडकीवरच्या क्लार्कशी भांडू नका. त्याच्यासमोर दोनशे माणसांची लाइन असते, नाव विचारा, नमस्कार करा, पुढच्या वेळी तोच तुम्हाला सांगतो की ताई यात हा एक कागद कमी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, बाईच्या ऐवजी तुम्ही जाऊ नका, बाईसोबत जा. पहिल्यांदा तुम्ही बोला, दुसऱ्यांदा तिला बोलू द्या, तिसऱ्यांदा ती शेजारणीला घेऊन एकटी जाईल. माझ्या वस्तीत एक काकू आहे, सही सोडून लिहिता येत नाही, पण आज निराधारचे कागद कोणते लागतात ते मला ती सांगते.

पोरांचा क्लास घ्यायचा असेल तर

बहुतेक जण इथूनच सुरू करतात आणि तीन महिन्यांत बंद करतात. बंद करणार असाल तर सुरूच करू नका, त्या लेकरांना सोडून जाणाऱ्यांची सवय आधीच आहे.

पाचवीतल्या मुलाला पाचवीचं पुस्तक देऊ नका, आधी बसून बघा त्याला जोडाक्षर वाचता येतं का, वजाबाकी येते का, आणि जिथे अडलंय तिथून घ्या. घरी मराठी, हिंदी, छत्तीसगढी काय बोलतात ते लक्षात ठेवा. बारा-पंधरापेक्षा जास्त मुलं एकट्यानं घेऊ नका. चॉकलेट वाटू नका. अभ्यासात रस नसलेल्या पोट्ट्यांसाठी खेळ हा फार मोठा रस्ता आहे, विजय बारसे सरांनी २००१ मध्ये याच शहरात झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल खेळवायला सुरुवात केली आणि त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. एक बॉल आणि रिकामं मैदान एवढ्यावर तुम्हीही महिनाभर मुलांना जोडून ठेवू शकता.

सोबत आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, लक्षात ठेवा, २००९ च्या या कायद्यानं खाजगी शाळेत सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांसाठी आहेत, अर्ज ऑनलाइन, लॉटरी लागते. तारीख वस्तीपर्यंत पोचतच नाही, ती पोचवणं हे तुमचं काम.

मुलांबाबत काही गोष्टींवर तडजोड नाही. कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही. मुलाच्या अंगावर मार दिसला, तो काही सांगू लागला, तर ऐकायचं, वचन द्यायचं नाही की कुणाला सांगणार नाही, आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, आईवडील नको म्हणाले तरी. बालविवाह ठरतोय असं कळलं तरी तोच नंबर. बाईला घरात मारहाण होत असेल तर १८१, महिलांची हेल्पलाइन. एकट्यानं मध्ये पडू नका, संस्थेतल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या.

मेडिकलमध्ये सोबत जाणं

हे काम कुणी शिकवत नाही पण याची गरज फार आहे. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन मोठ्या सरकारी दवाखान्यांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, पार मध्यप्रदेशातून पेशंट येतात, नातेवाईक आवारातच चटई टाकून राहतात, आणि कोणत्या खिडकीवर काय ते त्यांना माहीत नसतं. दोन नावं लक्षात ठेवा, समाजसेवा अधीक्षक, म्हणजे गरीब पेशंटला मदत मिळवून द्यायला दवाखान्यात नेमलेला माणूस, आणि आरोग्यमित्र. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे आणि योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, ऑपरेशनच्या नंतर नाही, आधी त्याच्याकडे जायचं. धर्मादाय दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, हेही विचारून बघायचं, मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पैसे, फोटो, वचन

उसने पैसे कुणाला द्यायचे नाहीत. निर्दयी वाटेल पण एकाला दिले की बाकी चाळीस घरांशी तुमचं नातं बदलतं. फार अडचण असेल तर संस्थेमार्फत, पावतीनं. फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि मदत घेताना हात पुढे केलेला फोटो तर विचारूनही नाही. ती माणसं तुमच्या आत्याच्या, मामाच्या जागी ठेवून बघा. "मी करून देते" म्हणू नका, "मी विचारून शनिवारी सांगते" म्हणा आणि शनिवारी जाऊन सांगा, काम झालं नसेल तरी.

घरचे, शिक्षण, नोकरी

घरी विरोध होईल. माझे बाबा वर्षभर बोलले नाहीत नीट. आईला मी एकदा वस्तीत घेऊन गेले, तिनं त्या काकूच्या घरी चहा घेतला, दोघी अर्धा तास कूलर आणि लेकींच्या लग्नावर बोलल्या, त्यानंतर आईनंच बाबांना समजावलं. घरच्यांना भाषण देऊ नका, एकदा घेऊन जा.

हेच करायचं ठरलं तर समाजकार्याची पदवी आहे, बी.एस.डब्ल्यू. तीन वर्षं, कोणत्याही पदवीनंतर एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षं. नागपुरात तिरपुडे कॉलेज आहे, बजाजनगरला मातृ सेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय आहे, तोच मातृ सेवा संघ जो कमलाताई होस्पेटांनी १९२१ साली बाळंतिणींसाठी सुरू केला होता. यात फिल्डवर्क असतं, ते मनापासून करा, नोकरी त्यातूनच लागते. पदवी घ्यायच्या आधी स्वतःला तपासायचं असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला मे महिन्यात आनंदवनवाल्यांची श्रमसंस्कार छावणी असते, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'मधून २००६ पासून 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम चालतो, आणि पदवीनंतर २१ ते ३२ वयासाठी एसबीआय यूथ फॉर इंडिया ही गावात राहून करायची १३ महिन्यांची फेलोशिप आहे.

पगाराचं खरं सांगते, सुरुवातीला कमी असतो. मला पहिला पगार अकरा हजार होता आणि पेट्रोल त्यातूनच. बऱ्याच संस्थांचा पैसा कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठी काढलेल्या पैशातून, येतो, २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के द्यावे लागतात, पण तो प्रोजेक्टपुरता असतो, प्रोजेक्ट संपला की नोकरी जाऊ शकते. म्हणून घरावर कर्ज असेल, तुम्ही एकटेच कमावते असाल, तर दुसरी नोकरी करा आणि शनिवार या कामाला द्या. ते कमी दर्जाचं नाही, आमच्या टीममधली सगळ्यात टिकलेली दोन माणसं बँकेत आणि मोबाइलच्या दुकानात कामाला आहेत. आणि पहिल्या पाच वर्षांत स्वतःची संस्था काढू नका, सगळा वेळ ऑडिट आणि अर्जांत जातो आणि वस्ती मागे राहते.

आता पहिला शनिवार. सकाळी नळाच्या वेळेला जाऊ नका, बायका पाणी भरण्यात असतात, दुपारी चारनंतर जा, उन्हाळ्यात पाचनंतर, आणि अंधाराच्या आत निघा. घरी सांगून जा कुठे चाललात. अंगावर साधे कपडे, पिशवीत वही, दोन पेन, पाण्याची बाटली. चहा दिला तर नाही म्हणू नका. निघताना कुणीतरी नक्की म्हणेल, "पुढच्या शनवारी येजो बरं." तेवढा शनिवार चुकवू नका.